मोबाईलच्या नोंदी, पोलिसांचे सॉफ्टवेअर आणि आपण

(उत्सवाच्या चौथ्या दिवशी सायंआरतीनंतर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आरती झाली, प्रसाद हातात पडला, तरीही आपण जागेवर बसून आहात, याबद्दल पहिले आभार. दरवर्षी आजच्या दिवशी आपण बाहेरगावचा वक्ता बोलावतो. यंदा पाहुण्यांना ऐनवेळी येणे जमले नाही, तेव्हा कार्यवाहांनी मला पकडले आणि म्हणाले, "तुम्ही टेलिकॉमवाले, मोबाईलवर काहीतरी बोला." मी व्याख्याता नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा तीन वर्षांचा डिप्लोमा केला, रेल्वेच्या सिग्नल व टेलिकॉम खात्यात ज्युनिअर इंजिनीयर म्हणून लागलो, आणि आज सेहेचाळिसाव्या वर्षी सिनिअर सेक्शन इंजिनीयर आहे. आयुष्य केबलच्या खड्ड्यात आणि रिले रूममध्ये गेले. त्यामुळे भाषेत काही उणे राहिले तर सांभाळून घ्यावे.

विषय मात्र मी विचार करून निवडला आहे. 'सीआयडी' मालिकेत आपले शिवाजी साटम बोटे फिरवून "कुछ तो गडबड है" म्हणायचे, आणि पुढच्या मिनिटाला कोणीतरी संगणकावरून ओरडायचे, "सर, मोबाईलचं लोकेशन मिळालं!" की गुन्हेगार पकडलाच. घरी बसून पाहणाऱ्याला वाटते, संगणकाने सांगितले म्हणजे झाले. माझेही तसेच मत होते. ते कसे बदलले, त्याचा एक प्रसंग मी आज सांगणार आहे. पण तो समजण्यासाठी आधी थोडी तांत्रिक माहिती देतो. कंटाळा येऊ देणार नाही.

आपण एक फोन केला की कंपनीच्या संगणकात एक ओळ लिहिली जाते. तिला कॉल डिटेल रेकॉर्ड, म्हणजे सीडीआर म्हणतात. ही ओळ पोलिसांसाठी जन्माला आलेली नाही. ती बिलासाठी आहे. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना फोन केला आणि भारतात मोबाईल सुरू झाला. तेव्हा येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. कोणी कोणाला, किती वाजता, किती सेकंद फोन केला हे लिहून ठेवल्याशिवाय बिल करणार कसे? म्हणून ही वही. आमच्या खात्याकडे सीयूजी मोबाईलची बिले येतात, तीही याच ओळींतून तयार होतात.

त्या ओळीत काय असते? फोन करणाऱ्याचा नंबर, घेणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ, सेकंद, कॉल होता की एसएमएस, सिमचा क्रमांक, हँडसेटचा क्रमांक, आणि कॉल सुरू होताना व संपताना फोन ज्या टॉवरच्या ज्या बाजूशी जोडलेला होता तिचा क्रमांक. बस्स. आपण काय बोललो ते त्यात नसते. पुष्कळांचा हा गैरसमज आहे की पोलिसांनी सीडीआर मागवला म्हणजे आपले बोलणे ऐकले. बोलणे ऐकण्याची परवानगी वेगळी असते आणि तिला साधारणतः गृहसचिवांच्या पातळीवरचा आदेश लागतो.

हँडसेटचा क्रमांक म्हणजे आयएमईआय. पंधरा आकडी असतो. फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा, दिसेल. पहिले आठ आकडे मॉडेल सांगतात, पुढचे सहा त्या हँडसेटचा अनुक्रमांक, आणि शेवटचा एक आकडा ताळा पाहण्यासाठी असतो. गंमत अशी की हा शेवटचा आकडा पुष्कळदा नोंदीत शून्य येतो, कारण हँडसेट तो पाठवतच नाही. ज्याला हे ठाऊक नाही तो म्हणेल, हा फोन वेगळा आणि तो फोन वेगळा. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात. तिथेही नवशिक्या एका फोनचे दोन फोन करून ठेवतो.

आता टॉवर. टॉवरवर बहुधा तीन दिशांना तोंड करून अँटेना बसवलेल्या असतात, प्रत्येकी साधारण १२० अंशांचा पंखा धरल्यासारख्या. नोंदीत जो क्रमांक येतो तो या पंख्याचा. माणूस त्या पंख्यात कुठेतरी होता, एवढेच त्यावरून कळते. शहरात हा पंखा काहीशे मीटरचा असतो, उघड्या शेतांत तो कित्येक किलोमीटरचा होतो. जुन्या टूजी पद्धतीत तर साधारण ३५ किलोमीटरपर्यंत फोन लागू शकतो. शिवाय फोन नेहमी जवळचाच टॉवर धरतो असे नाही. मधे टेकडी आली, नदीचे मोकळे पात्र आले, किंवा जवळच्या टॉवरवर गर्दी झाली, की तो लांबचा धरतो. नर्मदेच्या या काठी उभे राहून पलीकडचा टॉवर धरलेला मी स्वतः पाहिला आहे. आमच्या खात्यात 'लोकेशन' म्हणजे रुळाशेजारचे ते लोखंडी कपाट. त्याला हात लावता येतो. मोबाईलच्या लोकेशनला हात लावता येत नाही, हे लक्षात ठेवा.

मग सॉफ्टवेअर कशासाठी? एका माणसाच्या वर्षभराच्या नोंदी हजारो ओळींच्या होतात. एखाद्या टॉवरवर ठरावीक दोन तासांत आलेले सगळे कॉल मागवले, ज्याला 'टॉवर डंप' म्हणतात, तर त्याहून कितीतरी जास्त. पूर्वी हवालदार छापील कागद पसरून रंगीत पेन्सिलींनी खुणा करीत बसत. त्यातून प्रत्येक कंपनीचा नमुना निराळा. एकीची तारीख आधी, दुसरीचा महिना आधी. एकीच्या नंबरामागे ९१, दुसरीच्या मागे शून्य. २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, त्यामुळे नंबरावरून कंपनीही ओळखता येत नाही.

सॉफ्टवेअर हे सगळे एका साच्यात आणते आणि मग प्रश्नांची उत्तरे देते. हा माणूस सर्वांत जास्त कोणाशी बोलतो? रात्री कुठल्या टॉवरवर असतो, म्हणजे राहतो कुठे? गुन्ह्याच्या आधी कोणता नवा नंबर आला? फोन कधी बंद झाला? एका हँडसेटमध्ये किती सिमे फिरली? दोन संशयितांच्या यादीत समान नंबर कोणता? तीन ठिकाणी घरफोड्या झाल्या, तर तिन्ही टॉवरांवर त्या त्या रात्री हजर असलेला नंबर कोणता? हे काम माणसाला महिने लागतील, संगणक चहा येईपर्यंत करतो. परदेशात 'आयटू ॲनालिस्ट्स नोटबुक' हे नाव जुने आहे. त्यात माणसे ठिपक्यांनी आणि कॉल रेघांनी दाखवतात. आपल्याकडे सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राने 'अद्विक' नावाचे सीडीआर सॉफ्टवेअर तयार केले आहे. आणखीही आहेत.

या नोंदींचे मोल केवढे, ते १३ डिसेंबर २००१ च्या संसद हल्ल्यात देशाने पाहिले. ठार झालेल्या हल्लेखोरांजवळ मोबाईल आणि नंबर लिहिलेली ओळखपत्रे सापडली. त्या नंबरांच्या नोंदींवरून पोलीस दोन दिवसांत दिल्लीहून श्रीनगरपर्यंत पोहोचले. त्या खटल्यात, मी मघाशी सांगितले तो आयएमईआयच्या शेवटच्या आकड्याचा प्रश्नही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पण त्याच खटल्याची दुसरी बाजू ऐका. दिल्लीतील एका प्राध्यापकांचेही आरोपींशी फोन झाल्याचे नोंदींत होते. खालच्या न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २००३ मध्ये त्यांना निर्दोष ठरवले आणि ऑगस्ट २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. ओळख असणे, फोनवर बोलणे म्हणजे कटात असणे नव्हे. सॉफ्टवेअरच्या चित्रात मात्र दोन्ही रेघा सारख्याच जाडीच्या दिसतात.

आता माझा प्रसंग.

२०१४ चा पावसाळा. माझ्या सेक्शनमधील एका छोट्या स्टेशनापासून पाचेक किलोमीटरवर रात्री पावणेबाराच्या सुमारास कोणीतरी तांब्यासाठी सिग्नलची केबल तोडली. सिग्नल गेले, गाड्या अडकल्या. आम्ही धावलो. खड्ड्यापाशी मी, एक हेल्पर, आणि ठेकेदाराकडचा एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा. नाव सांगत नाही. जवळच्याच गावचा, हुशार, जॉइंट करायला हात बसलेला. माझा फोन पावसात भिजून बंद पडला होता, म्हणून रिले रूममधल्या टेक्निशियनशी तोच त्याच्या फोनवरून बोलत होता. केबलमधली एकेक तार जोडायची, फोन करायचा, "लागली का?" तिकडून "लागली", मग पुढची. पहाटे तीनला काम झाले. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि घरी जाऊन झोपलो.

चौथ्या दिवशी त्याची आई ऑफिसात आली. "साहब, लड़का रात को आपके साथ ही था ना?" एवढेच पुन्हा पुन्हा विचारत होती. मला काही कळेना. मग समजले. त्याच रात्री सव्वाच्या सुमारास गावातल्या एका धान्य व्यापाऱ्याचे गोदाम फोडले गेले होते. चौकीदाराला जबर मारहाण झाली होती, तो रुग्णालयात होता. पोलिसांनी टॉवर डंप काढला, सॉफ्टवेअरमध्ये घातला, आणि वर आला तो या मुलाचा नंबर. आदल्या दिवशी त्याला घरून उचलले होते.

मी ठाण्यात गेलो. टी.आय. साहेब भले गृहस्थ होते, हे आधीच सांगतो. त्यांनी मला पडदा दाखवला. त्या नंबरापुढे लाल खुणाच खुणा. एक, गुन्ह्याच्या वेळी गावाच्या टॉवरवर हजर. दोन, त्या रात्री चौदा कॉल, एकाच नंबराशी, आणि तो नंबर त्याच्या यादीत आधी कधीच नव्हता. तीन, दोनच दिवसांपूर्वी हँडसेट बदललेला. चार, आणि हे सर्वांत वाईट, एक वाजून दहा मिनिटांनी गावाचा टॉवर, एक बावीसला अकरा किलोमीटरवरचा दुसरा टॉवर, एक एकतीसला पुन्हा गावाचा टॉवर. सॉफ्टवेअरने गणित करून ठेवले होते, ताशी ५५ किलोमीटर, मग ७३. म्हणजे गाडीवरून माल पोहोचवून परत आला. साहेब म्हणाले, "इंजिनीयरसाहेब, तुम्ही त्याची बाजू घेता हे चांगलेच आहे, पण मशीन खोटे बोलत नाही."

मी घाईने म्हणालो, माझ्याकडे कागद आहेत. फेल्युअर रजिस्टर आणले, स्टेशन मास्तरला दिलेला डिसकनेक्शन मेमो आणला. आणि तिथेच माझा चेहरा उतरला. त्या कागदांवर माझे नाव होते, हेल्परचे होते, टेक्निशियनचे होते. त्या मुलाचे नाव कुठेच नव्हते. ठेकेदाराचा रोजंदारीचा मुलगा, रात्री कोण लिहितो? इतकी वर्षे आपण अशी कितीतरी माणसे चिखलात उतरवली आणि त्यांचे नाव कुठे लिहिले नाही, हे मला त्या बाकावर बसून पहिल्यांदा जाणवले. माझ्या तोंडी साक्षीपेक्षा तो पडदा जड होता.

त्या रात्री तो कुठे होता हे सांगणारी लेखी नोंद जगात एकच होती. तीच, पोलिसांच्या पडद्यावरची, चौदा कॉलांची यादी.

आमच्याकडे डेटा लॉगर नावाचे यंत्र असते, रेल्वेतल्या मंडळींना माहीत आहे. कोणता रिले कधी उचलला, कधी पडला, याची वेळेसकट नोंद ते ठेवते. विमानातल्या ब्लॅक बॉक्सचा गरीब भाऊ म्हणा. माझ्या मनात आले, प्रत्येक कॉलनंतर एकेक तार लागत होती. म्हणजे प्रत्येक कॉलच्या जवळपास लॉगरमध्ये काहीतरी हलले असले पाहिजे. मी प्रिंट काढून आणला आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. जुळेना! साहेबांनी डोके हलवले. कॉल एक दहाचा, तर लॉगर म्हणतो एक अठरा. मी रडकुंडीला आलो होतो.

मग फरक लिहीत गेलो. आठ मिनिटे. आठ. सात. आठ. सात. चौदापैकी नऊ कॉल असे निघाले की ज्यांच्यापुढे सात-आठ मिनिटांनी रिले हलला होता. बाकीचे पाच नुसत्या विचारपुशीचे असावेत. फरक सारखाच का? कारण आमच्या लॉगरचे घड्याळ सात मिनिटे पुढे होते. स्टेशनाच्या घड्याळाशी आणि कंट्रोलच्या वेळेशी ताडून पाहिले, तेच निघाले. ते घड्याळ वेळोवेळी लावून घेणे कोणाचे काम? माझे. म्हणजे ज्या यंत्राला मी साक्षीला आणले, ते माझ्याच हलगर्जीमुळे चुकीचे बोलत होते. साहेबांचे मशीन खोटे बोलत नव्हते आणि माझेही नव्हते. दोघेही आपापल्या घड्याळाप्रमाणे खरेच सांगत होते.

राहिला ताशी ५५ किलोमीटरचा प्रश्न. साहेब जीप काढून माझ्याबरोबर आले. दोन साधे हँडसेट घेतले, ज्यांत लागलेल्या सेलचा क्रमांक दिसतो, आणि आम्ही केबलच्या त्या खड्ड्यापाशी उभे राहिलो. रुळांचा भराव उंच, दोन्ही बाजूंना उघडी शेते, दोन्ही टॉवर पाच-सहा किलोमीटरवर. वीस मिनिटांत फोनने चार वेळा टॉवर बदलला. आम्ही पाऊलही हललो नव्हतो. साहेब काही वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माणूस नाही धावला, टॉवर धावला."

नवा नंबर म्हणजे आमचा नुकताच बदलून आलेला टेक्निशियन. नवा हँडसेट म्हणजे पोराने जुन्या बाजारातून घेतलेला सेकंडहँड फोन. एकेक लाल खूण अशी उतरली. त्याच संध्याकाळी मुलगा घरी गेला.

मंडळी, इथे गोष्ट संपली असती तर मी आनंदाने सांगितली असती. ठेकेदाराने त्याला पुन्हा कामावर घेतले नाही. "पुलिस केस वाला लड़का" म्हणाला. गावातही कुजबुज राहिली. निर्दोष सुटला म्हणून कोणी पेढे वाटत नाही. सहा महिन्यांनी तो गाव सोडून नागपूरला गेला. आज वायरमनचे काम करतो, बरे चालले आहे. दिवाळीला फोन येतो. मी मात्र त्या दिवसापासून साइटवरच्या प्रत्येक माणसाचे नाव, मग तो कोणाचाही असो, वहीत लिहितो, आणि दर सोमवारी लॉगरचे घड्याळ स्वतः पाहतो.

आणि खरे चोर? तेही याच सॉफ्टवेअरने पकडले. चौकीदाराचा हिसकावलेला मोबाईल पाच आठवड्यांनी नव्या सिमवर सुरू झाला. आयएमईआय नजरेखाली ठेवलेला होता. तो कोणत्या नंबराबरोबर बोलतो, ते सिम कोणाचे, रात्री कुठल्या टॉवरवर असते, हे अर्ध्या दिवसात निघाले आणि माल सापडला. म्हणून मी सॉफ्टवेअरला नावे ठेवायला उभा नाही. ज्या हत्याराने चूक झाली त्यानेच न्यायही झाला. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी पडद्यावर दिसले ते जाऊन तपासले.

हे आपल्याकडेच होते असे समजू नका. डेन्मार्क हा लहान, श्रीमंत, शिस्तीचा देश. तिथे २०१९ मध्ये उघडकीला आले की टेलिफोन कंपन्यांकडून आलेल्या कच्च्या नोंदी पोलिसांना वाचता येतील अशा रूपात बदलणारे सॉफ्टवेअरच काही नोंदी गाळत होते. शिवाय काही फोन चुकीच्या टॉवरला जोडले गेल्याचेही दिसले. सरकारला २०१२ पासूनची सुमारे १०,७०० प्रकरणे पुन्हा तपासायला घ्यावी लागली. दोन महिने न्यायालयांत मोबाईलचा पुरावा वापरणे थांबवले, आणि कच्च्या कैदेतील ३२ जणांना सोडले. विचार करा, सात वर्षे ते चकचकीत नकाशे न्यायाधीशांपुढे जात होते. नकाशावरचा ठिपका कधी "मला खात्री नाही" असे म्हणत नाही. त्याची कडा नेहमी रेखीवच असते. सिग्नलमध्ये आम्ही शिकतो की यंत्र बिघडले तर सिग्नल लाल झाला पाहिजे, म्हणजे बिघाड सुरक्षित बाजूला पडला पाहिजे. सीडीआरच्या सॉफ्टवेअरमध्ये असे काही नाही. नोंद गळली तर तिथे लाल दिवा लागत नाही. तिथे फक्त काहीच दिसत नाही.

कायद्यानेही हे ओळखले आहे. संगणकातील नोंद न्यायालयात द्यायची तर ती कोणत्या यंत्रातून, कशी काढली याचे प्रमाणपत्र जोडावे लागते. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या ६५ ब कलमाखाली होते. ते सक्तीचे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२० मध्ये पुन्हा पक्के केले. हा २०२० चा निकाल आपल्या जालन्याच्या निवडणूक खटल्यातला, खोतकर विरुद्ध गोरंट्याल. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात ते कलम ६३ झाले आणि प्रमाणपत्रावर तज्ज्ञाचीही सही आली. कंपन्यांनी या नोंदी पूर्वी एक वर्ष ठेवायच्या असत, डिसेंबर २०२१ पासून किमान दोन वर्षे ठेवायच्या आहेत. याचा अर्थ असा, की एखाद्या निर्दोष माणसाला आपली बाजू नोंदींतून दाखवायची असेल तर त्यालाही वेळेची मर्यादा आहे. वकिलाने लवकर अर्ज करून नोंदी जपून ठेवायला लावल्या पाहिजेत.

दुसरी बाजू खासगीपणाची. आपली दोन वर्षांची यादी कोणाच्या हाती पडली तर आपण कोणत्या डॉक्टरकडे जातो, कोणाशी रात्री बोलतो, कोणाशी बोलणे थांबवले, सगळे कळते. २०१३ मध्ये राज्यसभेतील तेव्हाचे विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांच्याच नोंदी बेकायदा मिळवण्याचा प्रकार उघडकीला आला. त्यानंतर नियम कडक झाले आणि पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच मागणी करायची असे ठरले. तरी २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी अशा नोंदी विकणाऱ्या खासगी गुप्तहेरांची टोळी पकडली. तेव्हा कोणी "अमुकतमुकचे कॉल डिटेल काढून देतो" म्हणाला, मग ते लग्नाच्या चौकशीसाठी का असेना, तर तो गुन्हा आहे हे ध्यानात ठेवा.

आजकाल एक नवे कोडेही आहे. व्हॉट्सॲपवरून केलेला कॉल सीडीआरमध्ये कॉल म्हणून येतच नाही. तो इंटरनेटचा वापर म्हणून वेगळ्या नोंदीत जातो, आणि तिथे पलीकडचा माणूस कोण हे लिहिलेले नसते. त्यातून इंटरनेटचा एकच पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहक वाटून वापरतात. म्हणजे ओळी वाढल्या आणि खात्री कमी झाली. सॉफ्टवेअर अधिक हुशार होत जाईल, तशी वाचणाऱ्याची जबाबदारीही वाढत जाईल.

आपण सामान्य माणसांनी काय करावे? चार गोष्टी सांगतो. आपल्या नावावर किती सिमे आहेत ते केंद्र सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर पाहा. एका माणसाला आपल्याकडे नऊपर्यंत चालतात, आणि आपल्या नकळत कोणी घेतलेले असेल तर तिथेच कळवता येते. आपल्या आधार कार्डावर दुसऱ्याला सिम घेऊन देऊ नका, गावाकडचा भाचा असला तरी. फोन हरवला तर पोलिसात तक्रार करून त्याच ठिकाणी आयएमईआय बंद करा. आयएमईआय घरात एका वहीत लिहून ठेवा. आणि जुना फोन पावतीशिवाय घेऊ नका, त्या मुलाच्या लाल खुणांपैकी एक तीच होती.

या मंडपात पोलीस खात्यातील दोन-तीन कुटुंबेही आहेत, आणि आपली मुले पुण्या-बंगळूरला सॉफ्टवेअर लिहितात. त्यांना माझी एकच विनंती आहे. पडद्यावर दिसणाऱ्या रेघेच्या दुसऱ्या टोकाला एखादी आई ऑफिसच्या दारात उभी असते.

समोर बाप्पा बसले आहेत, म्हणून त्यांच्याच गोष्टीने संपवतो. व्यासांनी महाभारत सांगायचे ठरवले आणि लिहायला गणपतीला बोलावले. गणपती म्हणाला, माझी लेखणी थांबता कामा नये. व्यास म्हणाले, कबूल, पण अर्थ समजल्याशिवाय एक अक्षर लिहायचे नाही. आपण केलेली यंत्रे पहिली अट उत्तम पाळतात. त्यांची लेखणी थांबत नाही. दुसरी अट त्यांना पाळता येत नाही. ती आपल्याला पाळायची आहे.

उद्या सकाळी आठला मुलांच्या चित्रकला स्पर्धा आहेत, हे कार्यवाहांनी सांगायला सांगितले होते.

गणपती बाप्पा मोरया!